गिटार जुळवायला क्लिप की मोबाईल ॲप?

सांगलीतल्या भाचीने गिटार घेतली आणि दुसऱ्याच दिवशी फोन: "मामा, खुंटी पिळताना तार तुटेल असं वाटतं. सूर दाखवणारी क्लिप घेऊ की ॲपवर भागेल?"

पैशाचं म्हणशील तर ॲप फुकट, साधी क्लिप तीन-चारशेला. हा मुद्दा संपला.

खरा फरक गोंगाटात. ॲप माइकने ऐकतं. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की काटा सैरावैरा. क्लिप गिटारच्या डोक्याला चिमटते आणि लाकडाची थरथर पकडते, बाहेर ढोल वाजला तरी फारसं बिघडत नाही.

पण तुझी भीती वेगळी. नवशिक्याची तार बऱ्याचदा तुटते ती भलत्याच सप्तकात ताणल्यामुळे. साध्या क्लिपवर बऱ्याचदा नुसतं ‘ई’ दिसतं, आणि ‘ई’ स्वराच्या तारा तर दोन. जाड ई सुमारे ८२ हर्ट्‌झची, बारीक ३३०ची. बरीच ॲप्स कितवी तार तेही सांगतात, स्वर वाजवून दाखवतात. (मिरजेचे तंबोरेवाले हे कानानेच करतात, पण त्यात उमर जाते.)

घरी, शांत खोलीत, हात बसेपर्यंत ॲप. क्लासात चार गिटारी एकदम वाजायला लागल्या की क्लिप घे. बटण-सेल मात्र जादा ठेव.