मित्रांना गाणं ऐकवायचंय: लिंक पाठवू, नाट्यगृहात नेऊ की स्टेडियममधे?

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाचा मेसेज आला. ताई, तुमचा कॉलेजचा ग्रुप अजून एकत्र गाणी ऐकायला जातो ना, आम्ही चौघं मित्र यंदा प्रत्येकी आठ-दहा हजार बाजूला काढणारोत म्युझिकसाठी, तर एक मोठी कॉन्सर्ट करू, की वर्षभर छोटे छोटे कार्यक्रम करू, की सगळं सोडून एक चांगला स्पीकर घेऊन घरीच बसू? त्याच्याशी फोनवर पाऊण तास जी बडबड केली तीच इथे लिहून ठेवतेय, कारण हा प्रश्न मला दर डिसेंबरला कोणी ना कोणी विचारतंच.

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. आम्ही चौघी, मी ठाण्यात चरईला, एक कळव्याला, एक घणसोलीला आणि एक खारघरला, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ट्रान्सहार्बर लोकल लाईन हाच आमचा कट्टा. आवडी मात्र चार दिशांना. घणसोलीवालीला रॅप आणि ढोल-ताशा, खारघरवाली जुन्या भावगीतांची, कळवेवाली रीलवर जे वाजतंय ते, आणि मी थोडं इंग्लिश रॉक आणि थोडं शास्त्रीय, त्यामुळे बाकी तिघींच्या मते मी म्हणजे डोक्याला शॉट.

आता मुद्दा. बजेट नंतर बघू, आधी हे ठरवा की मित्रांसोबत तुम्हाला करायचंय काय. सगळ्यांना पाठ असलेली गाणी एकत्र बोंबलायचीयेत, की तुम्हाला सापडलेलं काहीतरी नवीन त्यांच्या गळी उतरवायचंय? माझ्या अनुभवाने ही दोन कामं पूर्ण वेगळी आहेत आणि बहुतेक लोक दुसऱ्या कामासाठी पहिल्याचे पैसे घालवतात. मी पण घालवलेत.

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचंच घ्या. जानेवारी 2025 मधे नेरूळच्या डीवाय पाटील स्टेडियमवर तीन शो झाले, 18, 19 आणि 21 ला. बुकिंग 22 सप्टेंबर 2024 ला, रविवारी दुपारी उघडलं तेव्हा आम्ही चौघी चार फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसलेलो, रांगेतला आकडा लाखांत, जेवण तसंच ताटात. तिसरा शो वाढवला म्हणून आम्हाला मिळालं, ते पण 21 चं, म्हणजे मंगळवार, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस. असो. नवी मुंबईकरांना या स्टेडियमचं आता कौतुक उरलं नाहीये पण खरंच विचार करा, 2008 मधे सुरू झालेलं हे मैदान आणि इथे 2017 ला जस्टिन बीबर येऊन गेला, डिसेंबर 2019 मधे यू-टू हा आयरिश बँड भारतात पहिल्यांदा वाजवायला आला तो इथेच. आणि आपण घरून एका लोकलमधे बसून तिथे पोचतो. दिल्ली-बंगलोरहून विमानाने येऊन हॉटेल शोधणाऱ्या लोकांना विचारा याची किंमत.

तर त्या रात्री गेटवर सगळ्यांना हातात घालायला पांढरा पट्टा दिला, आत एलईडी, आणि जाताना परत करायचा. अंधार पडल्यावर एका गाण्यात पूर्ण स्टेडियम पिवळं झालं. माझ्या मनगटावरचा पट्टा, शेजारच्या अनोळखी काकांचा पट्टा, समोरच्या स्टँडमधले हजारो पट्टे, सगळे एकाच ठेक्यावर लुकलुकतायत. मी रडले, लपवत नाही. कॉलेजमधे ज्या बँडची गाणी लोकलच्या दारात उभं राहून ऐकली तो समोर होता.

कळवेवालीला त्यांचं दीड गाणं माहिती होतं. एक पूर्ण आणि एकाची फक्त धून. तिने खूप एन्जॉय केलं, फोटो काढले, नाचली, दोन दिवस स्टेटस भरलेलं. महिन्याभराने मी विचारलं की बाई, घरी जाऊन त्यांचं अजून काही ऐकलंस का, तर म्हणे नाही गं, पण ते पट्टे काय भारी होते. तिची चूक नाहीये. स्टेडियममधे नवीन माणसाला गाणं कळतच नाही, त्याला गर्दी कळते. शब्द नीट पोचत नाहीत, चाल आधी डोक्यात नसेल तर पकडता येत नाही, आणि शेजारचे दहा जण बेसूर आणि मोठ्याने गात असतात. यातला एक मी होते.

लांबच्या स्टँडचं एक शास्त्र पण समजून घ्या, कुठल्याही मैदानाला लागू. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. स्टेजपासून दीडशे मीटरवर बसलात तर स्टेजवरचा आवाज तुमच्यापर्यंत यायला अर्ध्या सेकंदाच्या जवळपास वेळ लागतो, पण प्रकाश तर लगेच येतो. म्हणून स्क्रीनवर ड्रमवर काठी पडलेली दिसते आणि धाप् नंतर ऐकू येतं. मधे मधे वेगळे स्पीकर उभे करून हे बरंच सांभाळतात पण तरी मागे बसलं की थोडं जाणवतंच. सांगायचा मुद्दा, स्वस्तातलं वरचं तिकीट घेणार असाल तर आपण ऐकायला कमी आणि सामील व्हायला जास्त जातोय हे डोक्यात ठेवून घ्या. आणि इयरप्लग घ्या बरं का, थट्टा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मधे अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवलीये, आणि मोठ्या स्पीकरसमोर उभं राहून आलं की दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते ती उगाच नाही.

खर्च? आमचं तिकीट, वर खाणं-पिणं, वर येताना कॅब, माणशी आठ हजारांच्या पुढे गेलं. कॅब करायचं काहीच कारण नव्हतं खरं तर, पण सगळी गर्दी एकदम नेरूळ आणि जुईनगरकडे निघाली, आम्ही घाबरलो आणि हायवेला उभं राहून चौपट भाडं देऊन घरी आलो. फोनला नेटवर्क नव्हतं त्यामुळे खारघरवाली अर्धा तास सापडलीच नाही. आता आमचा नियम आहे, शेवटची ठाणे लोकल कितीला ते घरूनच एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळांच्या ॲपवर बघून ठेवायचं आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवायची.

नाट्यगृहाचा खेळ पूर्ण वेगळा. ठाण्यात गडकरी रंगायतन आणि हिरानंदानी मेडोजला घाणेकर, वाशीला विष्णुदास भावे, या तिन्ही ठिकाणी नाटकं जास्त पण गाण्याचे कार्यक्रम पण होत असतात, फक्त जाहिरात इंस्टावर कमी आणि पेपरच्या आतल्या पानावर आणि नाट्यगृहाच्या बोर्डावर जास्त. ठाणे महापालिका पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत समारोह भरवते, तो तर ठाणेकरांपैकी पण अर्ध्यांना माहिती नसतो. आमच्या नेहमीच्या कार्यक्रमांचं तिकीट तीनशे ते पाचशेत बसतं. म्हणजे एका स्टेडियमच्या पैशात पंधरा वेळा जाऊन या.

मी घणसोलीवालीला नेलं होतं एका ख्याल गायनाला. रॅपवाली बाई. येतानाच सांगितलंन, मी झोपले तर उठवू नकोस. चौथ्या रांगेत बसलो, त्याआधी तिने कधी तबला इतक्या जवळून पाहिलेला नव्हता. सुरुवातीची पाच-सात मिनिटं तबलजी हातोडीने तबल्याच्या कडेच्या चामडी गजऱ्यावर ठोकून सूर लावत होते, तिला वाटलं काहीतरी बिघडलंय. मग गाणाऱ्या बाईंनी बागेश्री राग सुरू केला, विलंबित म्हणजे संथ एकतालात. मी तिला फक्त एकच गोष्ट सांगितली. राग-बिग सोड, बारा मात्रांचं एक चक्कर आहे, पाऊण-एक मिनिटाचं, ते जिथे परत सुरू होतं त्या जागेला सम म्हणतात, ती येताना बाईंच्या मानेकडे बघ. बस. दहा मिनिटांनी ही मांडीवर बोटं मोजायला लागली. मग एकदा बाई कुठे कुठे फिरून बरोबर समेवर येऊन टेकल्या आणि ही एवढ्या जोरात "हाऽऽ" म्हणाली की पुढच्या रांगेतल्या आजींनी मागे वळून पाहिलं आणि हसल्या. द्रुत म्हणजे जलद तीनतालात तर रॅपवाली माझ्या पुढे होती, कारण लयीचा कान तिचा मुळातच पक्का. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, ती कुठे संपणार ते मला कळायच्या आधी तिला कळत होतं. मला जरा राग पण आला, वीस वर्षं मी ऐकतेय आणि ही आज आली.

स्टेडियममधे मी तिला एक वाक्य सांगू शकले नसते. इथे कानात कुजबुजता येतं, मध्यंतरात बटाटावडा खाता खाता विचारता येतं, समोरचा माणूस घामाघूम होऊन काहीतरी करतोय ते डोळ्यांनी दिसतं. नवीन माणसाला पटवायला यापेक्षा काय लागतं. तोटे पण सांगते ना. निवेदन कधी कधी इतकं लांबतं की गाणं कधी ऐकवणार असं होतं. सत्कार असतात. शाली असतात. कार्यक्रम कंटाळवाणा निघू शकतो आणि मग मित्र पुढच्या वेळी येत नाहीत, म्हणून पहिल्या वेळी नेताना कलाकार तुम्ही स्वतः आधी ऐकलेला असू द्या. मोकळ्या मैदानातल्या मैफलीत आणखी एक गोची, लाऊडस्पीकर रात्री 10 ला बंद, वर्षातले काही ठरावीक दिवस 12 पर्यंत सूट, त्यामुळे मध्यरात्रीचा राग मध्यरात्री ऐकायची मजा मैदानात जवळजवळ संपलीच. बंद सभागृहाला तो नियम तसा लागत नाही, पण तिथे आपल्याला शेवटच्या लोकलचा नियम लागतो.

लिंकचं काय मग? फुकट आहे, आत्ता होते, आणि दहापैकी नऊ वेळा वाया जाते. आमच्या ग्रुपवर रोज चार लिंक पडायच्या, निळ्या टिक, खाली "भारी गं", आणि एकीनेही ऐकलेलं नसायचं. त्यात एकीकडे स्पॉटिफाय, दुसरीकडे यूट्यूब, तिसरीकडे जिओसावन, लिंक दाबली की आधी ॲप डाउनलोड करा म्हणणार, कोण करतंय. स्पॉटिफायचं ब्लेंड आम्ही वापरून पाहिलं, त्यात दहा जणांपर्यंत आवडी एकत्र करून यादी बनते. कल्पना मस्त आहे, पण माझ्या फोनवर भाचा बडबडगीतं लावतो, त्यामुळे रोज सकाळी तिघींना वारसाहक्काने ससा आणि कासव ऐकायला मिळायचे. बंद केलं.

लिंक चालते ती एकाच पद्धतीने. ग्रुपवर टाकू नका, एकाला पाठवा, आणि सोबत बरोब्बर जागा सांगा, "2:10 ला बासरी येते तिथे थांब" असं. अख्खं गाणं ऐक म्हटलं की समोरच्याला गृहपाठ दिल्यासारखं होतं, वीस सेकंद ऐक म्हटलं की तो ऐकतो आणि मग अख्खं पण ऐकतो.

स्पीकर घेऊन घरी बसायचं म्हणाल तर चौघं एकत्र जमणार असाल तरच घ्या, नाहीतर तो स्पीकर सत्यनारायणाच्या आरतीला वापरला जातो. त्यापेक्षा कुणाकडे गाडी असेल तर गाडी. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधे एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत संपतो, आणि मित्राला उठून जाता येत नाही, हा फायदा घरात नाही.

मावसभावाला मी शेवटी असं सांगितलं. तुमच्या चौघांचा एकच आवडता बँड असेल, चौघांनाही गाणी पाठ असतील, आणि तो इथे येत असेल, तर डोळे मिटून सगळे पैसे त्यावर टाका, स्टेजच्या जवळचं तिकीट घ्या आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाका, ती रात्र परत मिळत नाही. पण "चल मी तुला हा बँड दाखवतो" म्हणून कुणाला सहा हजारांचं तिकीट काढायला लावू नकोस. त्याला आधी गाडीत ऐकव, मग जागा सांगून लिंक पाठव, आणि दर दोन महिन्यांनी चौघांपैकी एकाने आपल्या आवडीचा छोटा कार्यक्रम निवडायचा, बाकी तिघांनी कुरकुर न करता जायचं. आमच्याकडे हेच चाललंय. पुढची पाळी खारघरवालीची, भावगीतं, मी आत्तापासून कॉफीची तयारी ठेवलीये.

हो आणि ती घणसोलीवाली. कार्यक्रमानंतर तीन दिवसांनी रात्री पाऊण वाजता तिचा मेसेज, एक लिंक आणि खाली फक्त "4:35, मान बघ". व्हिडिओ बासरीचा होता, वादकाची मान जागची हलत नव्हती, पण सम बरोबर 4:35 लाच होती.