प्लॅस्टिकच्या मचाणावर तीन शेळ्यांचा पावसाळा

कुडाळजवळच्या आमच्या वाडीत हौसेखातर पाळलेल्या तीन कोकण कन्याळ शेळ्यांसाठी मी गेल्या मे महिन्यात मांगरात प्लॅस्टिकच्या फटीदार लाद्यांचे मचाण बसवून घेतले आणि अख्खा पावसाळा वापरल्याशिवाय त्याविषयी लिहायचे नाही असे ठरवले. ही सिंधुदुर्गाचीच जात, काळ्या अंगाची, नाकपुड्यांपासून कानांपर्यंत पांढरे पट्टे असलेली आणि इथल्या पावसाला सरावलेली. तरी ओल्या चिखलात दिवसचे दिवस उभे राहिल्यास तिचेही खूर कुजतात. आधीच्या दोन पावसाळ्यांत मोरचुदाच्या पाण्यात त्यांचे पाय बुडवण्यातच माझ्या सकाळी गेल्या, आणि त्यातली एक लाथ गुडघा अजून विसरलेला नाही.

यंदा खुरांचे दुखणे जवळपास आलेच नाही. जमिनीपासून तीन फूट उंचीवरच्या या लाद्यांच्या फटींतून लेंड्या आणि मूत्र खाली पडते, वरची जागा कोरडी राहते आणि साठलेले खत माडांच्या आळ्यांत घालता येते. आधीचे फळ्यांचे मचाण दोनच वर्षांत कुजले होते. मात्र खालून मुताचा उग्र दर्प वर येतो, त्यामुळे दर आठवड्याला तळ साफ करून चुना टाकावा लागतो. हे विक्रेत्याने सांगितले नव्हते.

खरी उणीव श्रावणात कळली. एक शेळी व्याली आणि दुसऱ्याच दिवशी करडाचा मागचा पाय फटीत अडकला. त्याचे ओरडणे वेळेत ऐकू आले म्हणून पाय वाचला. मोठ्या खुराला सोयीची असलेली फट नवजात करडाला घातक ठरते, म्हणून आता एका कोपऱ्यात गोणपाट आणि त्यावर भाताचा पेंढा अंथरतो. तो अंथरण्यासाठी आहे की खाण्यासाठी, याबाबत माझे आणि शेळ्यांचे एकमत नाही. लाद्या जोडणाऱ्या चार क्लिपा त्यांनी चावून उखडल्या. दुकानात सुट्या क्लिपा मिळत नाहीत, म्हणून मी सुंभ बांधला. तोही त्यांनी आठवडाभरात कुरतडला आणि आता तारेवर भागते आहे.

मोठ्या शेळ्यांसाठी मी हेच मचाण पुन्हा घेईन. घेणाऱ्याने दुकानात फट स्वतः मोजावी, लादीवर उभे राहून ती वाकते का ते पाहावे आणि सुट्या क्लिपा त्याच दिवशी मागून घ्याव्यात.