दोन्ही नऊ जुळवून बघा: १९३९ च्या रुपयात माझे ६८,५०० गेले

आधी एक सांगतो. 'जुनं नाणं विका, लाखो मिळवा' असल्या जाहिरातींना भुललेला मी नाही. आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग जीएसटी भरा, हे प्रकार मला पाठ आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये त्याबद्दल इशारा दिला, तेव्हा नात्यातल्या सगळ्यांना तो मीच पाठवला होता. माझे वडील नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते. आमच्या घरात नोट उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय खिशात जात नाही. एकवीस वर्षं मी कलदार, म्हणजे इंग्रजांच्या काळातले चांदीचे रुपये जमवतोय. तरी मी फसलो, आणि आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

सहाव्या जॉर्जचे चांदीचे रुपये माझ्याकडे १९३८ चा आणि १९४० ते १९४५ चे सगळे आहेत. १९३९ चा कप्पा रिकामा. हा नाद असलेल्यांना कारण सांगायला नको. जुन्या ९१.७ टक्के चांदीचा तो शेवटचा रुपया, आणि मिळतो फार क्वचित. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि कडेला मधोमध खाच आली. १९३९ ची बनावट नाणी बाजारात ढिगाने फिरतात, हेही मला माहीत होतं.

२०२४ च्या दिवाळीआधी एकाचा फोन आला. माझा नंबर ओळखीतल्याच माणसाने दिलेला. नाशिकला रविवार कारंजापाशी चहाच्या दुकानात भेटलो. पन्नाशीचा, अदबीने बोलणारा. मागितले ८५,०००. वर स्वतःच म्हणाला, "काका, माझ्यावर विश्वास ठेवूच नका. तुमच्या सराफाकडे चला, तिथे तपासा." असं बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल?

सराफ बाजारात वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे सराफ आहेत, त्यांच्याकडे गेलो. काट्यावर ११.६२ ग्रॅम. रुपया म्हणजे पुरा तोळा, ११.६६, वापरलेल्या नाण्याला एवढी घट असतेच. मशीनमध्ये चांदी ९१ च्या वर. फरशीवर टाकलं तर आवाज खणखणीत. कडेला उभ्या रेघा, खाच नाही. चुंबक लावायची तर गरजच नव्हती. सराफ म्हणाले, "भाऊ, माल अस्सल आहे."

ते खोटं बोलले नाहीत. त्यांना धातू विचारला, त्यांनी धातू सांगितला. साल बघणं हे त्यांचं काम नाही, ते माझं होतं. नाणं अस्सलच होतं, १९३८ चं. शेवटच्या ८ ला कोरून त्याचा ९ केलेला. मग वजन, चांदी, आवाज, कड, सगळं जुळणारच! जी परीक्षा हमखास पास होणार होती तीच त्याने मला घ्यायला लावली.

आता जे लिहितो ते नीट वाचा. नाणं सगळीकडे काळपट होतं, जुन्या चांदीला येतो तसा छान रंग चढलेला. फक्त सालाच्या शेवटच्या आकड्याभोवती गव्हाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. मला तो दिसला. मी बोट ठेवून विचारलं. तो म्हणाला, "पूर्वी माळेत होतं ना, तिथे कडी जोडायला डाख लावला होता." आणि मी मान डोलावली! माळेतली नाणी मी शेकड्याने हाताळली आहेत. कडी कडेला डाखतात, नाण्याच्या पोटात नाही. ज्याला हे ठाऊक आहे त्याने मान डोलावली, याची चीड त्या माणसावरच्या चिडीहून जास्त आहे. पण रिकामा कप्पा डोळ्यांसमोर असला की माणूस ऐकायचं तेच ऐकतो.

त्यात मी दर्जावर घासाघीस करत बसलो. तो 'एक्स्ट्रा फाइन' म्हणत होता. राजाचा गाल सपाट, मुकुटाच्या कडा झिजलेल्या, मागच्या वेलीची पानं पुसट. मी म्हटलं, जेमतेम 'व्हेरी फाइन'. अशी एकेक झीज दाखवत ६८,५०० वर आणलं. पानं झिजली, अक्षरं झिजली, आणि तो एकटा ९ कोरा करकरीत राहिला, हे दाखवणारा मीच होतो आणि न बघणाराही मीच. २०,००० यूपीआयने दिले, ४८,५०० रोख. रोख देऊ नका. पावतीवर साल आणि 'बनावट निघाल्यास पैसे परत' एवढं लिहून घ्या. नाही म्हणाला तर उठून या.

अकरा दिवसांनी एका जुन्या संग्राहक मित्राने दहापटीचं भिंग लावलं आणि अर्ध्या मिनिटात नाणं खाली ठेवलं. १९३९ मध्ये नऊ दोन आहेत. एकाच नाण्यावरचे दोन नऊ एकमेकांशी जुळत नव्हते. दुसऱ्याचं शेपूट आखूड आणि आजूबाजूचा पत्रा खरवडून खोलगट झालेला. माझा १९३८ चा रुपया घरीच होता. तो शेजारी ठेवला असता तरी पुरे होतं. अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात मुलांना दोनदा घेऊन गेलेला माणूस मी, पण व्यवहाराच्या दिवशी भिंग घरी विसरलो.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "चांदी खरी आहे ना? मग खोटं काय आहे?" तेच वाक्य, ज्याने मी फसलो! त्यांना १९३८ आणि १९३९ मधला फरक समजावायला दीड तास गेला. मग म्हणे दिवाणी बाब आहे, वकील गाठा. यूपीआयचा स्क्रीनशॉट दाखवला तर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर भेटलात, हे ठाण्याचं काम. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पुन्हा ठाण्यात गेलो तर दुसऱ्याच साहेबांनी मलाच विचारलं की पुराणवस्तू बाळगायचा परवाना आहे का. १९७२ चा कायदा शंभर वर्षांपुढच्या नाण्यांना लागतो, हे त्यांना मी सांगायचं! न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ कलम आहे, ते छापून नेलं. कागद ठेवून घेतला, बाकी काही नाही. पाच खेपा झाल्या. हातात आहे फक्त अर्जाची पोच. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, कळवा. माझ्यासारखे अकरा दिवस घालवू नका.

मोडीत त्या नाण्याचे सराफांनी तेव्हा ९४० सांगितले. विकलेलं नाही, पुरावा म्हणून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात सिन्नरच्या एका गृहस्थांनी फोटो पाठवला: १९३९ चा रुपया, काळपट, सालाच्या टोकाला पांढरा ठिपका. विकणारा त्यांनाही म्हणत होता, तुमच्याच सराफाकडे चला. मी त्यांना तिथल्या तिथे फोन लावला.