दगडातलं खासबाग: मेक्सिको सिटीत पुमासची मॅच बघण्याचा अनुभव

मेक्सिको सिटीत राहायला येऊन मला चार वर्षं झाली. भारतातून कुणी आलं की त्यांना पिरॅमिड आणि फ्रिदा कालोचं निळं घर दाखवायचं, हे ठरलेलं. या वेळी कोल्हापूरहून आबा आले. वय 71, तरुणपणी तालमीत घुमलेले. पिरॅमिड त्यांनी तासाभरात बघून संपवले. निळ्या घरात तर ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मग शनिवारी त्यांना उनामच्या म्हणजे राष्ट्रीय विद्यापीठाच्या स्टेडियमवर घेऊन गेले, अमेरिकन फुटबॉल बघायला. पुमास विरुद्ध पोली, म्हणजे विद्यापीठाचा संघ आणि त्यांचा जुना प्रतिस्पर्धी. इथे येऊन मी जे काही बघितलंय, त्यात ही दुपार सगळ्यात वर ठेवीन.

आधी तिकिटाचं सांगते, म्हणजे माझ्यासारखा त्रास कुणाला नको. मी ते एका संकेतस्थळावरून काढलं आणि पैसे दोनदा कापले गेले. परत मिळायला अठरा दिवस आणि सात मेल लागले. स्टेडियमच्या खिडकीवर तिकीट मिळतं, तिथूनच घ्या. विद्यार्थ्यांचा खेळ असल्यामुळे ते सिनेमापेक्षा महाग नव्हतं. इन्सुर्खेंतेस रस्त्यावरून मेट्रोबसची 1 नंबरची लाईन जाते, तिच्या ‘सिउदाद उनिव्हर्सितारिया’ थांब्यावर उतरा. मेट्रोने आलात तर शेवटच्या ‘उनिव्हर्सिदाद’ स्टेशनाहून विद्यापीठाची पुमाबस फुकट आहे.

बाहेरून स्टेडियम फारसं उंच दिसत नाही. काळ्या दगडाची टेकडीच जणू. हा सगळा परिसर जुन्या लाव्ह्याचा आहे. आउगुस्तो पेरेस पालासिओस आणि त्यांच्या सोबतच्या वास्तुरचनाकारांनी जमीन खोल खणली, निघालेली माती भोवती रचून तिचे उतार केले आणि त्यावर इथलाच दगड बसवला. रस्त्याच्या बाजूच्या उतारावर चित्रकार दिएगो रिव्हेराने रंगीत दगडांनी आई, बाप, मुलगा, शांतीचं कबूतर आणि खाली पंख पसरलेली गरुड-गिधाडाची जोडी उठवली आहे. त्याला सगळं स्टेडियम असं मढवायचं होतं, पण काम तेवढ्यावरच राहिलं. आत शिरण्याआधी दहा मिनिटं त्याच्यासमोर उभे राहाच.

बोगद्यातून आत आलो आणि आबा थांबले. पायाखाली ती प्रचंड वाटी, तळाला हिरवं मैदान. म्हणाले, “अगं, हे तर आपलं खासबाग!” मला चार वर्षांत हे सुचलं नव्हतं. शाहू महाराजांनी बांधलेलं कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदानही असंच खोलगट, मध्ये खांब नाही, कुठेही बसलं तरी हौदा दिसतो. इथेही तसंच आहे. आम्ही पश्चिमेच्या बाजूला बरंच वर बसलो होतो, तरी खेळाडूंच्या मनगटावरच्या पट्ट्या दिसत होत्या. दुपारी ऊन पाठीमागून येतं म्हणून हीच बाजू घ्या. छत नाही, आणि शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर, त्यामुळे ऊन भाजून काढतं. टोपी हवीच. सप्टेंबरात गेलात तर रेनकोटही.

आमच्या शेजारी विटक्या टोपीतले एक निवृत्त इंजिनियर बसले होते. टोपीवर ‘कोंदोरेस’ लिहिलेलं. आबांना पाहून त्यांनी लगेच सरकून जागा दिली आणि पुढचे तीन तास ते मला स्पॅनिशमध्ये सांगत होते, मी आबांना मराठीत.

पुमास म्हटलं की जगाला सॉकरचा संघ आठवतो. पण पुमा हे नाव या हेल्मेटवाल्यांचं. विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ 1927 चा आहे. 1940 च्या दशकात त्यांचे प्रशिक्षक रॉबेर्तो मेंदेस, ज्यांना सगळे ‘तापातीयो’ म्हणत, त्यांनी आपल्या पोरांना पुमा म्हणायला सुरुवात केली. अंगानं लहान, पण चपळ आणि झडप घालणारी पोरं. ते नाव इतकं रुजलं की सॉकरवाल्यांनीही तेच लावलं. 1952 च्या नोव्हेंबरात हे स्टेडियम उघडलं तेव्हा अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामनाही याच दोघांचा झाला. एकीकडे निळ्या-सोनेरी कपड्यातले पुमास, दुसरीकडे मरून-पांढऱ्या कपड्यातले पोलीचे बुर्रोस ब्लांकोस, म्हणजे पांढरी गाढवं. पोली म्हणजे राष्ट्रीय पॉलिटेक्निक, 1936 साली लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना निघालेलं. कामगारांच्या, शेतकऱ्यांच्या मुलांनी तंत्रज्ञान शिकावं म्हणून. त्यामुळे ही चुरस नुसती खेळाची नव्हती.

मग टोपीवाले 1968 वर आले आणि त्यांचा आवाज बदलला. त्या जुलैत सिउदादेला चौकाजवळ पोलीच्या शाळांतली पोरं आणि एका खासगी शाळेतली पोरं यांच्यात मारामारी झाली. रस्त्यावरच्या फुटबॉलवरून पेटली असं सांगतात. त्यात दंगल-पोलिसांनी पोरांना बेदम मारलं आणि बघता बघता दोन्ही संस्थांचे विद्यार्थी, जे एरवी एकमेकांचे झेंडे पळवायचे, एका मोर्चात चालायला लागले. 2 ऑक्टोबरला त्लातेलोल्कोच्या चौकात सैन्याने त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. दहा दिवसांनी, 12 ऑक्टोबरला, आम्ही बसलो होतो त्याच स्टेडियममध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. एन्रिकेता बासिलिओने ज्योत पेटवली. ऑलिंपिकच्या इतिहासात हा मान मिळालेली ती पहिली बाई. ते कुंड अजून वरच्या कडेला उभं आहे. टोपीवाल्यांनी तिकडे बोट दाखवलं आणि थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत.

1970 मध्ये विद्यापीठाचा एकच संघ मोडून कोंदोरेस, गेर्रेरोस आस्तेकास, आगिलास रेआलेस असे वेगवेगळे संघ केले. पोलीचीही तशीच वाटणी झाली, त्यातूनच आजचे आगिलास ब्लांकास आले. एवढी पोरं एका झेंड्याखाली जमायला नकोत म्हणून हे केलं, असं टोपीवाल्यांचं ठाम मत. पुढे बऱ्याच वर्षांनी इथे पुन्हा पुमास हा एक संघ झाला. टोपीवाल्यांनी कोंदोरेसची टोपी मात्र बदलली नाही.

खेळ समजेल का, अशी मला धाकधूक होती. आबांना मी एवढंच सांगितलं की चार डावांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याचा. दुसऱ्या पावात (क्वार्टरमध्ये) तेच मला शिकवायला लागले. “चेंडूकडं काय बघतीस? ह्या पुढच्या पाचांकडं बघ.” चेंडू सुटायच्या आधी ते पाच जण वाकून उभे राहतात, काहींची बोटं गवतात रुतलेली, पाठ सपाट, नजर समोरच्याच्या छातीवर. शिट्टी नाही, चेंडू हलला की थडाथड आवाज येतो. “ज्याची कंबर खाली, त्याचा जोर. तो 74 नंबर उभा राहिला, आता आडवा होतोय बघ.” आणि झाला. शेवटच्या पावात पोलीला एकच यार्ड हवं होतं, चौथा डाव होता. आबा उठून उभे राहिले होते. पुमासच्या मधल्या पोरानं समोरच्याच्या काखेखाली हात घातला, त्याला उचलून मागे रेटला आणि सगळा ढीग जागच्या जागी कोसळला. आबांनी मांडीवर थाप मारली. टोपीवाल्यांनी त्यांना मिठीच मारली.

खायला एस्किते घ्या. उकडलेल्या मक्याचे दाणे, गरम रश्श्यात एपासोतेची पानं, वरून लिंबू, तिखट, किसलेलं चीज. शाकाहारी असाल तर रस्सा कशाचा ते विचारा आणि मेयोनीज नको सांगा. मका खाताना मी आबांना वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंचं सांगितलं. गदरचे क्रांतिकारक इथे 1924 मध्ये आले, चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवलं आणि मक्यावरच संशोधन केलं. त्या चापिंगोचाही अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे, तोरोस साल्व्हाखेस, म्हणजे रानटी बैल. आबांनी हातातला पेला खाली ठेवला आणि विचारलं, “कुठं आलं हे? किती लांब?”

बाहेर फूटपाथवर जर्सी घेऊ नका. मी आबांसाठी घेतली, पहिल्याच धुण्यात नंबर निघाला.

मॅच संपली तरी लगेच उठू नका. दोन्ही संघ आपापल्या लोकांसमोर येऊन उभे राहतात. पलीकडून पोलीवाल्यांचं “उएलुम, उएलुम, ग्लोरिया” आलं. मग आमच्या बाजूला पुमासनी हेल्मेट उंच धरली आणि ती वाटी घुमली: “गोया! गोया! काचून काचून रा रा! काचून काचून रा रा! गोया! उनिव्हर्सिदाद!” कधीकाळी मुलं तास बुडवून गोया नावाच्या थिएटरात जायची, तिथून ही आरोळी आली म्हणतात. आबांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. टोपीवाले एकेक शब्द सावकाश म्हणत होते आणि आबा तिकिटाच्या मागे तो देवनागरीत उतरवत होते. ‘काचून’मधला चू पहिला की दुसरा, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.