डॉक्टरला साडेचार स्टार, अ‍ॅपला दीड

अ‍ॅपवरून मानसोपचारतज्ज्ञ घ्यावा का, असं ज्युनिअर्स सारखं विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी इंजिनिअरिंगला, पुण्यात हॉस्टेलवर. परीक्षेच्या तोंडावर धडधड, झोप नाही, मेसचं जेवण घशाखाली उतरेना.

आधी १४४१६ लावला. टेली-मानस, मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारची फोनवरची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. फुकट, चोवीस तास, मराठीत. पलीकडच्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखव म्हणून सरळ सांगितलं.

मग एका खासगी अ‍ॅपवर डॉक्टर घेतले. माणूस सोन्यासारखा. पहिलाच प्रश्न, "आत्ता कुठे बसली आहेस? पत्ता सांग आणि घरच्या कुणाचा तरी नंबर दे." मला खटकलं, पण काही बरंवाईट झालं तर व्हिडिओवरून धावून येता येत नाही, म्हणून ते विचारतात. मी मामाचा दिला, पप्पांचा नाही. एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्य-चिंतेवरची गोळी सुरू करताना बजावलं: फरक पडायला दोन-चार आठवडे लागतात, आधी मळमळेल, आणि पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीला कधी कधी स्वतःचा जीव द्यावा असे विचार येतात, तसं वाटलं तर लगेच कळव.

अ‍ॅप मात्र भंगार. न विचारता वेळ बदलतात, तक्रारीला बॉट उत्तर देतो. चिठ्ठी पीडीएफमध्ये येते आणि आमचा मेडिकलवाला मोबाईलवरची चालवून घेत नाही. मग गेटजवळचं झेरॉक्सचं दुकान. तिथे सबमिशनच्या दिवसांत अर्धा वर्ग उभा, आणि कागदावर माझ्या नावाखाली ठळक अक्षरांत निदान! फाइल दुकानदाराच्या डाउनलोडमध्ये तशीच पडून राहते. मी समोर उभं राहून ती डिलीट करून घेतली, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

दुसरी अडचण जागेची. खोलीत दोन रूममेट, रेंज फक्त गच्चीवर टाकीमागे, आणि वॉर्डन मॅडम सातला गच्चीला कुलूप लावतात. संध्याकाळचा स्लॉट घेताना हे बघा. इअरफोन लावले तरी तुमचा आवाज बाकीच्यांना ऐकू जातोच.

लक्ष लागत नाही म्हणून एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या विकाराची) शंका असेल तर त्यावरचं मिथिलफेनिडेट व्हिडिओवर मिळणार नाही. ते शेड्यूल एक्स म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतलं औषध, २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ऑनलाइन लिहून द्यायला मनाई आहे. सरळ ससून या सरकारी रुग्णालयाची ओपीडी गाठा. बाकीच्यांनी चिठ्ठीवर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर आहे ना ते बघूनच मेडिकलमध्ये जा, नाहीतर परत हेलपाटा.