फ्लॅकचा संग्रह आणि ॲपलचे म्युझिक : फाइली बदलाव्यात की प्लेअर?

शास्त्रीय संगीताच्या सीड्या ज्यांनी फ्लॅकमध्ये, म्हणजे ध्वनीचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या फाइल-प्रकारात, उतरवून ठेवल्या आहेत आणि आता मॅक किंवा आयफोन घेतला आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न लगेचच उभा राहतो. ॲपलचे म्युझिक हे ॲप एमपी३, एएसी, वेव्ह आणि ॲपलचे स्वतःचे एएलएसी स्वीकारते. २००१ पासून सर्वांना मोफत उपलब्ध असलेले फ्लॅक मात्र लायब्ररीत घेत नाही. तांत्रिक अडचण असती तर समजून घेता आले असते, परंतु २०१७ पासून आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये हीच फाइल वाजते, त्यामुळे हा अडसर मुद्दाम ठेवलेला वाटतो आणि त्याचा राग येणे रास्त आहे.

पहिला पर्याय सगळा संग्रह एएलएसीमध्ये बदलण्याचा. दोन्ही प्रकारांत ध्वनीचा कणही गळत नाही, आकारही जवळपास तेवढाच राहतो आणि २०११ मध्ये ॲपलने एएलएसीचा सोर्स कोड खुला केल्यामुळे पुढे अडकून पडण्याची भीती फारशी उरलेली नाही. खरी हानी होते ती टॅगची, म्हणजे फाइलीतच नोंदवलेल्या माहितीची. फ्लॅकमध्ये ‘राग’, ‘ताल’, ‘तबलासाथ’ असे हवे ते रकाने देवनागरीत घालता येतात. म्युझिकमध्ये रकाने ठरावीक असल्याने मारवा कोणाकोणाचा आहे हे शोधायचे तर ती माहिती ‘ग्रुपिंग’ किंवा ‘कॉमेंट्स’मध्ये कोंबावी लागते. मोठ्या संग्रहात हे काम जिवावर येते. घाईत एमपी३ करून टाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्यात गेलेला ध्वनी परत मिळत नाही.

दुसरा पर्याय प्लेअर बदलण्याचा. व्हीएलसी आणि फूबार२००० दोन्ही मोफत आहेत, मॅकवर व आयफोनवरही चालतात आणि फ्लॅक जसेच्या तसे वाजवतात. मात्र ॲपल म्युझिक या गाणी ऐकवणाऱ्या सशुल्क सेवेचे वर्गणीदार असाल तर तिथली गाणी आणि तुमचा संग्रह एका प्लेलिस्टमध्ये येणार नाहीत.

वर्गणी नसेल, तर माझ्या मते फाइलींना हात न लावता प्लेअरच बदलावा. वर्गणी असेल, तर रोज ऐकण्यातल्या निवडक मैफलींच्याच एएलएसी प्रती काढाव्यात आणि मूळ फ्लॅक वेगळ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवावेत.