हिवाळी तंबूत ग्राउंडिंग ब्लँकेट : एक परीक्षण

शरीराचा जमिनीशी विद्युत संपर्क राहिला की झोप सुधारते, या दाव्यावर विकली जाणारी ग्राउंडिंग ब्लँकेट्स आता कॅम्पिंगच्या सामानातही दिसू लागली आहेत. मी वापरलेल्या ब्लँकेटच्या वेष्टनावर गाढ झोपेच्या जोडीला ‘थंडीत ऊब’ असेही छापलेले होते. हे परीक्षण मुख्यतः त्या दुसऱ्या दाव्याचे आहे, कारण गोठणबिंदूच्या आसपास तंबूत झोपणाऱ्यासाठी ऊब हीच झोपेची पहिली अट असते.

वस्तू म्हणून ब्लँकेट वाईट नाही. सुती कापडात चांदीचा मुलामा दिलेले धागे चौकटीत विणलेले आहेत. एका कोपऱ्याला धातूचे टिचबटण, त्याला जोडायची लांब वायर आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला जमिनीत खोचायची स्टेनलेस स्टीलची सळई, एवढाच संच. वायरीत सुमारे 100 किलो-ओहमचा रोधक बसवलेला आहे. झोपलेल्या माणसाचा हात चुकून एखाद्या सदोष विजेच्या उपकरणाला लागलाच, तर 230 व्होल्टलाही शरीरातून वायरीकडे जाणारा प्रवाह 2.3 मिलिअँपिअरच्या वर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. मल्टिमीटर लावून पाहिला तेव्हा रोधकाचे मूल्य बरोबर निघाले आणि कापडाच्या चारही कोपऱ्यांपर्यंत विद्युत जोडणी सलग होती. शिवणही नीट आहे. तक्रार आहे ती टिचबटणाची : कूस बदलताना वायर ओढली गेली की ते सुटते आणि अंधारात, हातमोजे घालून पुन्हा बसवणे जिकिरीचे होते.

आता उबेविषयी. हे ब्लँकेट उष्णता निर्माण करत नाही; त्यात तापणारी तार नाही, बॅटरी नाही. मग उरतो तो शरीराची उष्णता टिकवण्याचा प्रश्न. पांघरुणात ऊब टिकते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे, म्हणून पिसांची किंवा कृत्रिम तंतूंची फुगीर स्लीपिंग बॅग हलकी असूनही उबदार असते. या ब्लँकेटची जाडी पलंगावरच्या साध्या चादरीइतकी, त्यामुळे त्याची ऊबही तेवढीच. चांदीमुळे शरीराची उष्णता परावर्तित होते, असा युक्तिवाद केला जातो, पण त्यासाठी सलग चकचकीत पृष्ठभाग आणि त्याच्यासमोर हवेची मोकळी जागा लागते. सुती कापडात गुंफलेल्या आणि अंगाला चिकटलेल्या जाळीकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. दुसऱ्या बाजूने, चांदी उष्णतेची उत्तम वाहक असल्याने ब्लँकेट अंगातली ऊब जमिनीत ओढून नेईल, ही भीतीही अनाठायी आहे, कारण मुलाम्यातली चांदी अतिशय थोडी असते आणि बारीक, लांब वायरीतून वाहून जाणारी उष्णता नगण्य ठरते.

खरी अडचण वापरात येते. विद्युत संपर्कासाठी उघडी त्वचा कापडाला लागलेली असावी लागते, आणि थंडीत झोपणारा माणूस तर पायमोज्यांपासून टोपीपर्यंत सर्वांग झाकून झोपतो. पायमोजे काढून तळवे ब्लँकेटवर टेकवले, तर संपर्क साधतो पण पाय गारठतात. ब्लँकेट स्लीपिंग बॅगेच्या आत घेतले, तर वायर बाहेर काढण्यासाठी चेन बोटभर उघडी ठेवावी लागते आणि नेमक्या त्याच फटीतून गार हवेची झुळूक पोटरीवर येत राहते. तंबूच्या दाराच्या चेनचीही तीच गत. पहाटे श्वासातल्या बाष्पाने सगळे सामान दमट होते, तेव्हा धातूच्या त्या बटणावर बारीक थेंब जमतात आणि त्याला अंगठा लागला की जाग येते. सुती कापड घाम आणि बाष्प शोषून घेते व थंडीत लवकर वाळत नाही. पहिल्या रात्री कोरडे असलेले ब्लँकेट दुसऱ्या रात्री अंगावर घ्यावेसे वाटत नाही. हिवाळी भटकंतीला सुती कपडे नेऊ नयेत, हा अनुभवी मंडळींचा जुना नियम येथेही लागू पडतो.

शिवाय ज्या जमिनीशी नाते जोडायचे, ती हिवाळ्यात फारशी सहकार्य करत नाही. मातीतून वीज वाहते ती मुख्यतः तिच्यातल्या ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. पाणी गोठले की मातीचा विद्युत रोध कित्येक पटींनी वाढतो, आणि न वितळलेला बर्फ तर जवळजवळ विद्युतरोधकच असतो. भुसभुशीत बर्फात सळई सहज जाते, पण तेथे तिचा उपयोग नाही. गोठलेल्या मातीत ती दगडाने ठोकूनही चार बोटांपलीकडे जात नाही. ‘शरीरावरील व्होल्टेज’ कमी झाल्याचे मीटरवर दाखवणारी जी चाचणी विक्रेते करून दाखवतात, तिच्यात दिसणारे व्होल्टेज हे घरातल्या वायरिंगमुळे शरीरावर प्रेरित झालेले असते. रानात वायरिंगच नसल्याने कमी व्हावे असे तेथे मुळात काही नसते.

झोपेच्या दाव्यामागचा पुरावाही तोकडाच आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला आणि वारंवार दाखला दिला जाणारा अभ्यास अवघ्या 12 जणांवर केलेला होता, आणि झोप सुधारल्याची नोंद त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली होती. नंतरचे बरेचसे अभ्यासही लहानच आहेत आणि त्यांतील काही लेखकांचे अशी उत्पादने विकणाऱ्या कंपनीशी आर्थिक संबंध होते. मी सोबत्याला माझ्या नकळत कधी वायर जोडायला आणि कधी नुसतीच बटणाशेजारी ठेवायला सांगितले होते. सकाळी झोपेवरून मला दोन्हींतला फरक सांगता आला नाही. एका माणसाचा हा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, पण माझ्या खरेदीचा निर्णय त्यावर ठरायला हरकत नसावी.

याउलट पाय उबदार असणे आणि लवकर झोप लागणे यांचा संबंध स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या संशोधकांनी 1999 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडला होता. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की शरीराच्या गाभ्याची उष्णता बाहेर पडते आणि झोप येते. म्हणून झोपण्यापूर्वी कोरडे लोकरी मोजे घालणे आणि झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत गरम पाणी भरून ती पायाशी ठेवणे, हे साधे उपाय या ब्लँकेटपेक्षा कितीतरी कामाचे ठरतात. त्याहून महत्त्वाची अंगाखालची मॅट. स्लीपिंग बॅगेचा खालचा थर वजनाने दबून चपटा होतो, त्यातली हवा निघून जाते, आणि मग जमिनीकडे होणारे उष्णतेचे वहन थांबवणारी एकटी मॅटच उरते. मॅटच्या या क्षमतेला आर-मूल्य म्हणतात. ते मोजण्याचे समान मानक 2018 पासून उपलब्ध आहे. साध्या फोमच्या मॅटचे आर-मूल्य 2 च्या आसपास असते, बर्फावर झोपायचे तर 5 किंवा अधिक हवे, आणि दोन मॅट एकावर एक घातल्यास मूल्यांची बेरीज होते. ब्लँकेट, वायर आणि सळई यांच्या वजनात दुसरी फोमची मॅट आरामात बसते, आणि मी तिलाच पाठीवर जागा देईन.

ज्यांच्याकडे हे ब्लँकेट आधीपासून आहे आणि ज्यांना त्यावर झोपून समाधान वाटते, त्यांनी ते घरीच वापरावे. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर यांनी चांदीचा मुलामा बिघडतो, तेव्हा ते सौम्य साबणाने धुवावे; अंगाला तेल किंवा क्रीम लावून त्यावर झोपू नये. कॅम्पिंगला न्यायचेच असेल, तर वायर जनरेटरच्या किंवा अनोळखी विद्युत जोडणीच्या अर्थिंगला लावू नये. आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की सळईला हात लावायला बाहेर न जाता बटण तंबूच्या आतूनच सोडवून वायर अंगापासून दूर करावी, कारण जवळपास वीज कोसळल्यास तो इवलासा रोधक काहीही अडवू शकत नाही. मात्र तंबू हा विजेपासून आसरा नव्हे. जवळ पक्की इमारत किंवा बंद मोटार असेल, तर गडगडाट सुरू होताच तिकडे निघावे.